कासेतून कासेकडे : म्हशीच्या देवीची कुळकथा

म्हशीच्या सडांवर आणि कासेवर फोड उठतात तेव्हा ‘म्हशीला देवी आल्या’ असे म्हणतात. आधी लाल ठिपका, मग पाण्याने तट्ट भरलेला फोड, मग मध्ये खळगा पडलेली पिवळट पुळी आणि शेवटी काळपट खपली. धार काढणाऱ्याच्या बोटाखाली ही खपली निघाली की म्हैस लाथ झाडते, पान्हा चोरते. जनावर सहसा दगावत नाही. मात्र कासदाह झाला तर एखादा सड कायमचा बाद होतो. धार काढणाऱ्याच्या हाताला चीर किंवा ओरखडा असला की तसाच फोड त्याच्या बोटावर, मनगटावर उठतो. अंगात कणकण भरते, काखेत अवधाण येते.

पुणे जिल्ह्याच्या नाणे मावळातल्या वडिवळ्यासारख्या गावात म्हशी एकाच माळावर चरतात, धरणाच्या पाण्यात एकत्र डुंबतात. तरी हा रोग पसरतो तो मुख्यतः धार काढणाऱ्या हातांनी, आणि दूध पिणाऱ्या रेडकाच्या तोंडाने. त्याच्या ओठांवरही फोड येतात.

‘देवी’ या शब्दाने मराठीत मोठाच घोटाळा करून ठेवला आहे. माणसाचा तो जीवघेणा रोगही देवी, तो अंगावर ‘आणणारी’ शीतलाही देवी, आणि तो टाळण्यासाठी दंडावर टोचून घ्यायच्या त्याही देवीच. ‘देवी आल्या’ म्हणजे रोग आणि ‘देवी काढल्या’ म्हणजे लस घेतली. गावोगाव टोचत फिरणारा सरकारी माणूस तर ‘देवी डॉक्टर’च झाला. ‘लस’ हा शब्द त्या मानाने सरळ आहे. जखमेतून, फोडातून झिरपणारा चिकट द्रव म्हणजे लस. पहिली लस खरोखर तशीच होती, फोडातून काढलेली. म्हशीच्या देवीचे कूळ शोधताना हे दोन्ही शब्द उपयोगी पडतात, कारण हा रोग बहुधा लशीच्याच पोटी जन्मला.

14 मे 1796 रोजी इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने एका गवळणीच्या हातावरल्या फोडातली लस आठ वर्षांच्या जेम्स फिप्स या मुलाला टोचली. गवळणीच्या हातावर तो फोड गाईच्या सडावरून आला होता. ‘वॅक्सिन’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली गाय आहे ती अशी. लस व्हिएन्नाहून बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत मुंबईला पोचली. 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. हिंदुस्थानातले हे पहिले यशस्वी लसीकरण. तिच्या दंडावरच्या फोडातून मुंबईतली आणखी मुले टोचली गेली आणि तिथून लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासकडे निघाली. मुंबईहून पुण्याची वाट तेव्हाही बोरघाट चढून मावळातूनच जाई.

सुरुवातीला एका मुलाच्या दंडातली लस दुसऱ्याला, अशी साखळी चाले. त्यातून इतर रोगही पसरत. पुढे लस जनावरांच्या कातडीवर वाढवू लागले. युरोपात त्यासाठी वासरे असत, हिंदुस्थानात रेडकेही वापरली गेली. रेडकाचे पोट तासून, त्यावर ओरखडे काढून विषाणू लावायचा आणि काही दिवसांनी फोडांचा गर खरवडून घ्यायचा. बेळगावच्या लस संस्थेतून पुढे दीर्घकाळ देवीची लस पुरवली गेली.

या प्रवासात विषाणू मूळचा राहिला नव्हता. विषाणूशास्त्रज्ञ ॲलन डाउनीने 1939 साली दाखवून दिले की लशीतला ‘व्हॅक्सिनिया’ हा गाईच्या देवीच्या विषाणूहून वेगळा आहे. अलीकडे 1902 सालच्या एका जुन्या अमेरिकी लशीतली जनुके तपासली, तर ती घोड्याच्या देवीशी अधिक जुळली. नाव गाईचे आणि गोत्र घोड्याचे, असा प्रकार!

म्हशीच्या देवीची पहिली नोंद 1934 साली लाहोरची. तिचा विषाणू व्हॅक्सिनियाच्याच कुळातला निघाला. त्यामुळे सर्वांत पटण्यासारखा तर्क असा : ताज्या टोचलेल्या दंडावरचा फोड कोणीतरी खाजवला, त्याच हाताने धार काढली आणि विषाणू सडाला लागला. लस टोचणे चालू होते तोवर नवा फोड थेट लशीचा की म्हशींतच रुळलेल्या विषाणूचा, हे सांगणे कठीण होते. 1975 मध्ये भारतातून माणसाची देवी हटली, 8 मे 1980 रोजी जगातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, टोचणेही थांबले. तरी 1985 ते 1987 या काळात महाराष्ट्रात म्हशींना आणि माणसांना देवी आल्याच. लशीचा आधार सुटल्यावरही विषाणू गोठ्यात स्वतःच्या बळावर तगून होता, याचा हा पुरावा. 2009 साली सोलापूर जिल्ह्यातल्या कासेगावात 166 आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या 21 गावांत 185 माणसे बाधित आढळली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने हा उद्रेक तपासला. आता दंडावर देवीचा वण असलेली पिढी वयस्क झाली आहे आणि तरुण गवळ्यांना ते जुने संरक्षण नाही.

2022 मध्ये महाराष्ट्रभर पसरलेल्या लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची गल्लत म्हशीच्या देवीशी करू नये. त्याचा विषाणूही देवीच्या, म्हणजे पॉक्स, कुळातलाच, पण शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या शाखेचा. म्हणून जनावरांना शेळीच्या देवीची लस दिली गेली. हा रोग गाईगुरांत मुख्यतः चावणाऱ्या माश्या-डासांमार्फत पसरतो आणि माणसाला होत नाही. दुधातून लम्पी लागतो ही तेव्हाची भीती निराधार होती.

म्हशीच्या देवीवर खास औषध नाही. आजारी म्हशीची धार सर्वांत शेवटी काढायची, हात साबणाने धुवायचे, सड पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट पाण्याने धुवायचे. रेडकाला बाटलीने दूध पाजायचे. खपल्या गोठ्यात पडू न देता गोळा करून जाळायच्या, कारण वाळलेल्या खपलीत विषाणू बराच काळ जिवंत राहतो.