मुंबईतील कापडगिरण्यांमधील कामगार-नियंत्रण : जॉबर पद्धतीचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
संघटनेतील कामाची देखरेख व मूल्यमापन हा व्यवस्थापनशास्त्रातील महत्त्वाचा विषय आहे. कामावर नजर ठेवण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, हा त्यातील मूलभूत प्रश्न होय. मुंबईच्या गिरणी उद्योगाचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले आणि पुढील काही दशकांत कोकण व घाटावरून हजारो लोक गिरणगावात आले.

जॉबरची भूमिका :
एवढ्या मोठ्या कामगारवर्गाशी मालकांचा थेट संबंध नव्हता. ही उणीव जॉबर अथवा मुकादमाने भरून काढली. भरती करणे, काम वाटून देणे, हजेरीवर लक्ष ठेवणे, किरकोळ यंत्रदुरुस्ती करणे आणि शिस्त राखणे ही सर्व कामे त्याच्याकडे असत. स्त्री-कामगारांवर नायकिणीची देखरेख असे. जॉबरची सत्ता गिरणीच्या दरवाजापाशी संपत नसे. गावचे व जातीचे नाते, चाळीतील खोली, अडीनडीला कर्ज अशा अनेक धाग्यांनी कामगार त्याच्याशी बांधलेला असे. नोकरी मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. मात्र कामगारांचा विश्वास गमावलेला जॉबर मालकाच्याही उपयोगाचा राहत नसे. त्यामुळे संपाच्या वेळी काही जॉबर कामगारांच्या बाजूने उभे राहिलेले दिसतात.

दंड आणि मोजमाप :
विणकराचे वेतन उत्पादनावर अवलंबून असल्याने त्याच्या कामाचे मोजमाप कापडावरूनच होई. दोष आढळल्यास दंड होई. प्रसंगी खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत वेतनातून कापली जाई. सूत कमी प्रतीचे होते की यंत्र नादुरुस्त होते, याचा विचार होईलच अशी खात्री नव्हती. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने दंडाची मर्यादा रुपयामागे अर्धा आणा ठरविली आणि दंडाची रक्कम कामगारांच्या हितासाठीच वापरण्याचे बंधन घातले.

कार्यक्षमता योजना व बदली कार्ड :
एका कामगाराकडे अधिक यंत्रे सोपविण्याच्या कार्यक्षमता योजनांमुळे बेकारीचे भय निर्माण झाले. १९२८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर असा प्रदीर्घ संप झाला व त्यात सुमारे दीड लाख कामगार सहभागी झाले. पुढे शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या भरतीविषयक अधिकारांवर टीका करून श्रम अधिकारी नेमण्याची शिफारस केली. १९३५ मध्ये मालक संघटनेने बदली नियंत्रण योजना आणली. दरमहा निवडक बदली कामगारांना कार्ड देऊन रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या, असे तिचे स्वरूप होते. तरीही खात्यातील प्रत्यक्ष देखरेख जॉबरकडेच राहिल्याने त्याचा प्रभाव एकाएकी संपला नाही.

समारोप :
या इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नियंत्रणाचे काम मध्यस्थावर सोपविल्यास व्यवस्थापनाचा खर्च व त्रास वाचतो. परंतु त्याची किंमत कामगाराला दस्तुरी व परावलंबन या रूपाने मोजावी लागते. दुसरी, कार्ड, नोंदपत्रक व नियम यांमुळे मनमानीला आळा बसू शकतो, पण कापडातील दोषाला जबाबदार कोण, हे केवळ नोंदींवरून ठरत नाही. दोषाचे कारण सांगण्याची संधी ज्याचे काम मोजले जाते त्याला मिळाली, तरच मोजमापाला न्याय्य मूल्यमापन म्हणता येईल. गिरणी कामगारांचा संघर्ष जसा अधिक वेतनासाठी होता, तसाच तो या संधीसाठीही होता, हे विसरता येत नाही.