पाचव्या पायरीचा कागद

पहिल्या नोकरीत, ऑडिटच्या आदल्या रात्री, मी तीन महिन्यांपूर्वीच्या तारखा टाकून कोड रिव्ह्यूचे फॉर्म भरले होते. रिव्ह्यू झालेच नव्हते. कंपनीला सीएमएमआयची पाचवी लेव्हल मिळाली, पेढे वाटले गेले.

हे प्रकरण सुरू झालं अमेरिकी संरक्षण खात्याच्या डोकेदुखीतून. कंत्राटदारांची सॉफ्टवेअर वेळेत येईनात, बजेटमध्ये बसेनात. १९८४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली. आयबीएममधून तिथे आलेल्या वॉट्स हम्फ्रींनी कंत्राटदाराची कुवत जोखायला पाच पायऱ्यांची शिडी मांडली. १९९१मध्ये ती सीएमएम म्हणून बाहेर आली. सीएमएमआय हे तिचंच पुढचं रूप. म्हणजे मोजपट्टी मुळात गिऱ्हाइकाच्या हातातली. आपल्या कंपन्यांनी ती ओळखपत्रासारखी गळ्यात घातली, आणि त्यात मला गैर वाटत नाही. साता समुद्रापलीकडच्या, आपलं नावही न ऐकलेल्या माणसाला भरवसा द्यायला दुसरं होतं काय? मोटोरोलाचं बंगळुरूचं केंद्र तर १९९०च्या दशकातच पाचव्या पायरीवर पोचलं होतं.

पण शिडी कामाची पद्धत मोजते, माल नाही. आणि खर्च सल्लागाराच्या फीवर थांबत नाही. त्या रात्रीच्या एका फॉर्मातल्या मॉड्यूलमधली चूक पुढे गिऱ्हाइकालाच सापडली. फॉर्मवर ‘दोष: शून्य’ होतं. खाली सही माझी.