मरीमायच्या वाटेवरची बाग

आमच्या घरात वयं साथींवरून मोजत. आत्याआजीचा जन्म प्लेगातला. आजी मानमोडीच्या साली परकर नेसत होती. तिच्या धाकट्या भावाला पटकीनं नेलं, त्याच वर्षी आजोबांनी मळ्यात विहीर खणली. तारखा कुणाला ठाऊक नव्हत्या, पण कोण कोणत्या साथीत गेलं, हे आमच्या नशिराबाद गावात ओट्यावर बसलेली कुठलीही म्हातारी न अडखळता सांगायची.

“उंदीर पड्ला का चुल्हा शेतात,” हे आजीला तिच्या सासूनं शिकवलं होतं. घरात मेलेला उंदीर दिसला की त्याच दिवशी गाव सोडायचं. पऱ्हाट्यांचे कूड घालून शेतात झोपड्या उभ्या राहत. धान्याच्या कोठ्या मागेच ठेवायच्या, कारण उंदीर त्यांच्याच आश्रयाला. सकाळी उठल्यावर आई आधी पोरांच्या काखेत आणि जांघेत बोटं फिरवून गाठ आली नाही ना ते पाही, मगच चुलीत जाळ घाली. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढे तो प्रवाशांबरोबर मुलखात पसरला. भुसावळचं जंक्शन आमच्या शेजारी. जुनी माणसं म्हणत, आगगाडीनं आणला.

आमच्याजवळच्या आसोद्याच्या लेकीनंही, बहिणाबाई चौधरींनी, हा प्लेग घरात पाहिला. त्यांचा मुलगा ओंकार त्यात वाचला, पण कायमचा अपंग झाला. बहिणाबाईंचं नाव घेताना आपण त्यांच्या ओव्या आठवतो. त्या आईनं पोराच्या उशाशी काढलेल्या रात्रीही आठवायला हव्यात, असं मला फार वाटतं.

मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा. त्या वर्षी पावसानंही दगा दिला होता. आजी सांगायची, जी काही ज्वारी उभी होती ती कापायला माणूस मिळेना, आणि घरातलं माणूस गेलं तर चार खांदेकरी जमेनात. मग बैलगाडी. एका गाडीत दोन-दोन. देशभरात त्या साथीनं एक कोटीहून अधिक माणसं नेली. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. आमच्या घरातली तिघं गेली. त्यांतल्या एकीचं नावही आता कुणाला सांगता येत नाही, नुसती ‘धाकटी’ म्हणून ती उरली आहे.

एवढी माणसं गेली, त्यांची खूण कुठे आहे? दगड नाही, पाटी नाही. आहे ती मरीमाय. पटकी-प्लेगाची ही देवी आमच्या मुलखात गावाबाहेर, शिवेच्या अंगाला असते. शेंदूर फासलेला तांदळा, वर कडुनिंब. तिच्या यात्रेला खानदेशात गावोगाव बारागाड्या ओढतात. एकामागे एक जोडलेल्या गाड्या, त्यांत दाटीवाटीनं बसलेली माणसं, पुढे हळदीनं माखलेला भगत आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याला साथ देणारे बगले. गाड्या हलल्या की गावाचा एकच जल्लोष होतो. लहानपणी मला ती नुसती जत्रा वाटे. आजी मात्र गाड्या पुढे सरकेपर्यंत पदर तोंडाशी धरून उभी असायची. साथ शिवेपार गेली पाहिजे, हे मागणं तिच्या पिढीनं जिवाच्या भीतीनं मागितलेलं होतं.

मग 2020 आलं, कोरोना आला. मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर देशभर चर्चेत होता. माझ्या काकांचं शेवटचं दर्शन आम्हाला मोबाइलवर झालं, तेही पिशवीत गुंडाळलेलं. काकूनं दहावं चार माणसांत केलं. तेव्हापासून ती एकच विचारते : त्यांच्यासाठी बसायचं कुठे?

आता नशिराबादेत ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली आहे. गावात एक स्मृतिउद्यान व्हावं, आणि ते नुसत्या कोरोनाचं न होता पटकी, प्लेग, मानमोडी सगळ्यांचं व्हावं. भोपाळच्या भदभदा विश्रामघाटावर कोरोनात नातेवाइकांनी न नेलेल्या अस्थिरक्षेचे 21 ट्रक साठले होते. 2021 मध्ये ती राख मातीत मिसळून सुमारे 12,000 चौरस फुटांवर बाग उभारायचं काम हाती घेतलं गेलं. ती कल्पना मनाला भिडते. पण आमच्या गावात जाळलेले आहेत तसे पुरलेलेही आहेत. बाग स्मशानात नको, कब्रस्तानात नको. मरीमायच्या वाटेवर, दोघांनाही सारखी पडेल अशा मोकळ्या जागी हवी.

नावं कोरायची ती आडनावानुसार किंवा समाजानुसार लावू नयेत. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकात त्याच्या रचनाकार माया लिन यांनी नावं मृत्यूच्या क्रमानं लावून घेतली, म्हणून एकाच दिवशी पडलेले शेजारी शेजारी राहिले. आमच्याकडेही एकाच वॉर्डात शेजारच्या खाटांवर असलेले पाटील आणि शेख तसेच जवळ असावेत. ज्यांची नावं पुसली गेली, त्यांच्यासाठी आधी कोरी भिंत सोडावी आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून ती भरावी. ‘धाकटी’ एवढंच आठवत असेल तर तेवढंच कोरावं. नशिराबाद एकेकाळी काचेच्या बांगड्यांसाठी ओळखलं जाई; त्या रंगीत काचेचे तुकडे भिंतीच्या पायाशी बसवता येतील. साथीनं इथल्या किती हातांतल्या बांगड्या उतरवल्या, ते इथल्या बायकांना वेगळं सांगावं लागणार नाही.

झाडं कडुनिंबाची, मधून एखादा उंबर. हिरवळ नको, आमच्या उन्हाळ्यात ती तगणार नाही. काकूच्या दोन मागण्या आहेत. बाकाला पाठ हवी, कारण इथे येणारी माणसं वयस्क असणार. आणि सावलीत भाकरी सोडून बसता येईल असा ओटा हवा, शेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ.

नगरपरिषदेनं ठराव करताना भिंतीच्या खर्चाआधी पाण्याची तरतूद लिहावी. पहिले तीन उन्हाळे रोपांना टँकरनं पाणी कोण घालणार, त्या माणसाचा पगार कुठून निघणार, हे ठरल्याशिवाय कोनशिला बसवू नये. आणि नावं विचारायला मात्र आत्ताच निघावं. मानमोडी पाहिलेली माणसं कधीच गेली; त्यांच्याकडून ऐकलेल्यांतली थोडी अजून ओट्यावर बसतात.