ठाणे-कल्याण परिसरातील उन्हाळी भटकंती : आधी घड्याळ, मग ठिकाण

परीक्षा आटोपल्या, शाळांना सुट्टी लागली की ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील चाकरमान्यांच्या घरांत एकच प्रश्न निघतो : यंदा जायचे कुठे? कोकणात जाणाऱ्या गाड्यांची आरक्षणे केव्हाच संपलेली असतात. थंड हवेच्या ठिकाणांचे मे महिन्यातील दर खिशाला झेपणारे नसतात. आठवडाभराची रजा मिळाली नाही, तर दोन-तीन रविवार एवढाच काय तो अवकाश हाती उरतो. तरीही लोकलच्या तिकिटावर पहाटे निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येईल, अशी ठिकाणे या परिसरात कमी नाहीत. अट एकच. ठिकाण ठरवण्याआधी घड्याळ पाहावे लागते.

याचे कारण येथील हवेत आहे. मुंबईला दुपारी लवकर सुटणारा समुद्राचा वारा दिलासा देतो. तोच वारा खाडी आणि डोंगर ओलांडून कल्याण, बदलापूर, मुरबाडकडे पोहोचेपर्यंत उशीर होतो आणि तोवर पारा अनेकदा चाळिशीपलीकडे गेलेला असतो. त्यात हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. तेव्हापासून उन्हाळ्यातील दुपारकडे पाहण्याची दृष्टी या भागात बदलली, निदान बदलायला हवी होती. सकाळी दहानंतर आणि सायंकाळी साडेचारच्या आधी उघड्यावर कोणताही बेत आखू नये, लहान मुले आणि ज्येष्ठ नागरिक सोबत असतील तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. सहलीच्या ठिकाणांच्या याद्यांमध्ये माळशेज घाट, कोंडेश्वर, माहुलीच्या पायथ्याचा धबधबा ही नावे हमखास आढळतात. ही सारी पावसाळ्याची ठिकाणे होत. मे महिन्यात तेथे कोरडे कातळ आणि तापलेल्या शिळा यांखेरीज काही दिसत नाही. माहुलीचा किल्ला हिवाळ्यात चढावा. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली येथील गरम पाण्याच्या कुंडांनाही मे महिन्यात जाण्यात काय हशील, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पहाट : येऊरचे जंगल

ठाणे स्थानकापासून तासाभराच्या आत जंगलात शिरता येते, हे भाग्य फार थोड्या शहरांना लाभले आहे. येऊरचा डोंगर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडील भाग. उपवन तलाव मागे टाकून वळणावळणाचा रस्ता वर चढतो आणि वनखात्याच्या प्रवेशद्वारापाशी पोहोचतो. उन्हाळ्यात जंगल रुक्ष होते, हा समज येथे खोटा ठरतो. मार्चमध्ये कुसुमाची कोवळी लालभडक पालवी, काटेसावर आणि पांगाऱ्याची अखेरची फुले, एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे झुंबर आणि त्यापाठोपाठ राज्यपुष्प तामणाचा जांभळा बहर, असा क्रम लागलेला असतो. पानगळ झालेली असल्याने पक्षी स्पष्ट दिसतात, हा उन्हाळ्याचा आणखी एक फायदा. तांबटाचा ठोका आणि कोकिळेची साद शहरातही ऐकू येते. मात्र स्वर्गीय नर्तकासाठी येथेच यावे लागते. मेअखेरीस, पावसाचे ढग जमू लागताच नवरंग पक्षी दाखल होतो आणि त्याची दोन सुरांची शीळ ऐकण्यासाठी पक्षिनिरीक्षक भल्या पहाटे दऱ्यांच्या कडेने थांबलेले दिसतात.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर बसून प्राण्यांची नोंद घेण्याची वनखात्याची प्रथा आहे. एरवी सूर्यास्तानंतर जंगलात थांबण्यास मुभा नाही आणि बिबट्यांचा वावर पाहता ती मागूही नये. पाड्यांवर आदिवासी कुटुंबे राहतात, त्यांच्या अंगणातून वाट काढताना मोठ्याने गाणी लावणाऱ्या टोळक्यांची रविवारी कमतरता नसते. याच दिवसांत वणवे लागतात. वाळलेल्या गवतावर टाकलेले सिगारेटचे एक थोटूक त्यासाठी पुरेसे होते.

भरती-ओहोटीचे गणित : खाडीतील रोहित

ठाण्याच्या खाडीत उन्हाळ्यात हजारोंच्या संख्येने उतरणारे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, हे या परिसराचे सर्वांत मोठे उन्हाळी आकर्षण म्हणावे लागेल. खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला. हिवाळ्यात येऊ लागणारे हे पक्षी मे महिन्याच्या अखेरीपर्यंत मुक्काम ठोकून असतात. त्यामुळे एप्रिल आणि मेचे पहिले पंधरा दिवस त्यांना पाहण्यासाठी उत्तम.

ऐरोली येथील सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीची फेरी घेता येते. ठाण्याहून ट्रान्स हार्बर मार्गाने ऐरोली स्थानक गाठणे सोयीचे पडते. येथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे कोष्टक महत्त्वाचे. ओहोटीला चिखलाचे पठार उघडे पडते, पक्षी तेथे खाद्य टिपायला उतरतात, पण बोटीला पाणी उरत नाही. पूर्ण भरतीला बोट चालते, पण पक्षी पांगलेले असतात. म्हणून या दोहोंमधील वेळ गाठून फेऱ्या सोडल्या जातात आणि त्या रोज बदलतात. आगाऊ नोंदणी न करता गेलेल्यांना निराश होऊन परतावे लागण्याची शक्यता अधिक.

रोहित पक्षी चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म शेवाळ व जीव टिपतो. लहान रोहितांचा भर शेवाळावर. हे शेवाळ येथे इतके माजण्यामागे शहरांतून खाडीत येणाऱ्या सांडपाण्याचाही हात आहे. गुलाबी थव्यांची छायाचित्रे टिपताना नाकाला रुमाल का लावावा लागतो, याचे उत्तर त्यात दडलेले आहे.

सकाळचा थंडावा : अंबरनाथचे शिवमंदिर

कल्याण-कर्जत मार्गावरील अंबरनाथ येथील शिवमंदिराकडे महाशिवरात्रीला लाखोंची रीघ लागते, पण उन्हाळ्यातल्या साध्या सकाळी तेथे निवांतपणा असतो. ठाण्याला, म्हणजे तेव्हाच्या श्रीस्थानकाला राजधानी करून उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांचे हे मंदिर. येथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा आणि राजा मुम्मुणी याचा उल्लेख आहे. काळ्या पाषाणातील भूमिज शैलीचे हे बांधकाम महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या मंदिरांपैकी एक गणले जाते.

मंडपाला तीन दारे आहेत आणि गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून खाली गेले की बाहेरच्या तळपत्या उन्हाचा विसर पडतो. जाड दगडी भिंती आणि खोलवर असलेली भूमी यांमुळे तेथील हवा बाहेरपेक्षा स्पष्टपणे थंड जाणवते. बाह्यभिंतींवरील शिल्पे पाहायची तर सूर्य तिरपा असतानाच, सकाळी आठ-नऊच्या सुमारास, कारण तेव्हाच झिजलेल्या दगडातील रेषा उठून दिसतात. हजार वर्षांच्या पावसाने झिजलेल्या या दगडाशेजारून वालधुनी नदी वाहते. कारखान्यांच्या रासायनिक सांडपाण्याने तिची जी अवस्था केली आहे, ती पाहून मात्र मन विषण्ण होते.

पहाटेचा ट्रेक : नाणेघाट

गिर्यारोहणाची हौस असणाऱ्यांसाठी उन्हाळ्यात योग्य ठरेल असा एक ट्रेक या जिल्ह्यात आहे. कल्याण-मुरबाड रस्त्याने माळशेजच्या अलीकडे वैशाखरे गाव लागते. तेथून नाणेघाटाची वाट सुरू होते. प्राचीन काळी कल्याण बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे जात असे. पाश्चात्त्य दर्यावर्दींना ठाऊक असलेले ‘कल्लिएना’ ते हेच कल्याण. घाटमाथ्याजवळील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख असून त्यातील अंक भारतातील प्राचीन अंकलेखनाच्या अभ्यासात मोलाचे मानले जातात. भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची नावे आणि पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता, असे सांगितले जाते.

पायथ्यापासून पहाटे पाचला निघाल्यास ऊन चढण्याआधी लेणे गाठता येते. वाट बव्हंशी झाडीतून जाते आणि घाट पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी डोंगराची सावली पाठीवर राहते. व्यापाऱ्यांच्या तांड्यांसाठी खोदलेली पाण्याची टाकी वाटेवर आहेत, मात्र त्यांवर विसंबू नये. माणशी तीन लिटर पाणी घरूनच न्यावे. दुपार लेण्याच्या सावलीत काढून उतरणे केव्हाही शहाणपणाचे.

नदीत उतरण्यापूर्वी

दर उन्हाळ्यात उल्हास, काळू, भातसा, बारवी या नद्यांत पोहायला गेलेल्या तरुणांच्या बुडण्याच्या बातम्या येतात. मरण पावणारे बहुतेक शहरातले असतात आणि त्यांना पाण्याचा अंदाज नसतो. हा अंदाज का चुकतो, हे समजून घेण्याजोगे आहे. मे महिन्यात उल्हास नदीत दिसणारे पाणी पावसाचे नसते. भिवपुरी येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून वीज निर्माण करून झाल्यावर सोडलेले आणि बारवी धरणातून शहरे व कारखान्यांसाठी सोडलेले असे ते असते. विसर्ग वाढला की गुडघाभर पाणी थोड्या अवधीत छातीपर्यंत येऊ शकते. शिवाय वर्षानुवर्षांच्या वाळूउपशाने पात्रात खोल खड्डे पडले आहेत. वरून संथ दिसणाऱ्या डोहाचा तळ पुढच्या पावलाला नाहीसा होतो. स्थानिक माणूस जेथे उतरत नाही, तेथे पाहुण्याने उतरू नये. पोहण्याची हौस महापालिकांच्या तरणतलावांत किंवा मानपाड्याच्या टिकुजिनीवाडीसारख्या जलउद्यानांत भागवता येते.

दुपारचे काय?

दुपार वाचनालयात घालवावी. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ चे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे हे ठाण्याच्या संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक. सुट्टीपुरते का होईना, मुलांना सभासद करून घेतल्यास दुपारच्या दूरचित्रवाणीला पर्याय मिळतो. डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यगृह, कल्याणमध्ये आचार्य अत्रे रंगमंदिर आणि ठाण्यात गडकरी रंगायतन व डॉ. काशीनाथ घाणेकर नाट्यगृह येथे सुट्टीत बालनाट्यांचे प्रयोग लागतात. जाहिराती पाहून तिकिटे आधी काढलेली बरी.

सायंकाळ : तलावांकाठी

ठाण्यात आज सुमारे ३५ तलाव आहेत. पूर्वी ही संख्या साठीच्या पुढे होती, असे सांगतात. मासुंदा तलावाच्या काठी, म्हणजे तलावपाळीवर, सायंकाळी पाचनंतर नौकाविहारासाठी रांगा लागतात. समोर कौपिनेश्वराचे मंदिर आणि काठावर पोर्तुगीज काळात स्थापन झालेले चर्च, असे या शहराच्या इतिहासाचे दोन पदर येथे एकाच फेरीत दिसतात. गर्दी नको असेल त्यांनी कचराळी तलाव गाठावा. कोलशेत येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये खुले झालेले सेंट्रल पार्क मुलांसाठी सोयीचे आहे. कल्याणमध्ये काळा तलाव आणि खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला ही सायंकाळची ठिकाणे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि स्वराज्याच्या आरमाराची पायाभरणी याच खाडीत झाली, असे मानले जाते.

माथेरान, एक दिवसाचे

माथेरान रायगड जिल्ह्यात असले, तरी त्याचे श्रेय ठाण्याकडे जाते. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांनी मे १८५० मध्ये चौकच्या मुक्कामातून हा डोंगर चढला आणि उन्हाळ्याने त्रस्त झालेल्या मुंबईकरांना थंड हवेचे ठिकाण मिळाले. कर्जत लोकलने नेरळ, तेथून १९०७ मध्ये सुरू झालेली मिनी ट्रेन, हा मार्ग मुलांना आवडणारा. या गाडीची तिकिटे मोजकीच असतात, त्यामुळे पर्याय म्हणून दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी आणि पुढे अमन लॉजहून शटल सेवा लक्षात ठेवावी. मे महिन्यातील शनिवार-रविवारी घाटात वाहनांची रांग लागते. आठवड्यातील मधला वार साधता आल्यास उत्तम. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही गाडी बंद असते.

रानमेवा

कल्याण, टिटवाळा, आसनगाव या स्थानकांबाहेर एप्रिलअखेरपासून मुरबाड-शहापूरकडील आदिवासी महिला पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन बसतात. पहाटे काट्यांतून हात घालून वेचलेली ही फळे दुपारपर्यंत विकली गेली नाहीत, तर चिरडून वाया जातात. त्यामुळे येथे भावासाठी घासाघीस करणे शोभणारे नाही. ज्या शहापूर तालुक्यातील तानसा, भातसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात, त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. तेथे रानात फिरायला जाणाऱ्यांनी गावच्या विहिरीवर किंवा टँकरवर भार न टाकता आपले पाणी सोबत न्यावे.

करवंदे संपत आली की जांभळे येतात. भौगोलिक मानांकन मिळालेले बदलापूरचे जांभूळ टपोरे, गरदार आणि चवीला गोड. त्याचा हंगाम मात्र अल्प. मेच्या उत्तरार्धात बाजारात येणारे हे फळ पहिल्या जोरदार सरींबरोबर गळून पडते.