लक्ष्मीबाईंचा त्याग, लक्ष्मीबाईंचा निर्णय

आम्ही सानगडीच्या बचत गटाच्या बाया. हप्त्यांचा हिशोब मिटला की आमच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो: घरासाठी बाईनं किती सोसायचं? आज त्यासाठी इतिहासातलं एक घर पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. लग्न झालं १८८० साली. शाळा नाही, वाचायला पुढं नवऱ्यानंच शिकवलं. टिळक मोठे कवी, पण एका नोकरीत टिकत नसत आणि पैसा त्यांच्या हातात ठरत नसे. संसाराची ओढाताण बाईच्या वाट्याला.

पुढं टिळक राजनांदगावला नोकरीसाठी निघाले. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना बायबलचा नवा करार दिला. नागपूरहून राजनांदगावला जाणारी ती लाइन आपल्याच भंडारा रोड, तुमसर, गोंदियावरून जाते. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यात लक्ष्मीबाईंची संमती नव्हती. टिळकांनी जात सोडली, नातीगोती सोडली. त्याग मोठाच. पण त्याची किंमत न विचारता बायकोनंही भरली. लहानग्या मुलाला घेऊन त्या काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. लोकांचे बोल ऐकले.

मग त्या अहमदनगरला नवऱ्याकडे आल्या, पण आपलं सोवळं सांभाळून. टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही. माणसामाणसांत भेद देवानं केला की माणसानं, यावर त्यांनी स्वतःच विचार केला. माणसानंच केला, हे पटलं तेव्हा त्यांनी जातीचा विटाळ सोडला. १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कुंकवाचा धनी गेला म्हणून नव्हे, मनाला पटलं म्हणून.

ख्रिस्ताच्या शिष्यानं आपला क्रूस रोज उचलावा, अशी ख्रिस्ती शिकवण आहे. आम्हांला त्यातला ‘आपला’ हा शब्द मोलाचा वाटतो. आपला क्रूस आपण उचलायचा. दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला तर तो त्याग आपला राहत नाही. पुढं या नवराबायकोनं अनाथ लेकरांना घरात घेतलं. ते ओझं दोघांनी मिळून उचललेलं होतं.

१९१९ साली टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं. ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिलं. त्याचा पहिला भाग १९३४ ला आला. शाळेत न गेलेल्या बाईचं हे पुस्तक मराठीत आजही मानानं वाचलं जातं. नवऱ्यावरची माया आणि त्याच्यावरचा राग, दोन्ही त्यात मोकळेपणानं आहेत.

आपल्या घरांत धर्म कोणताही असो, प्रश्न तोच. गटातून कर्ज काढताना सही बाईची असते. पैसा कशाला लागणार, हे तिला विचारलं जातं का? सोसायला आपण मागं हटत नाही. पण सोसण्याआधी विचारलं जावं, एवढा हक्क लक्ष्मीबाईंच्या गोष्टीतून घेऊ या. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एवढंच सांगावं: गेल्या कर्जाचा निर्णय घरात कोणी घेतला?