भुईवरून ओट्यावर

पुण्याच्या जुन्या वाड्यांत स्वयंपाकघर बहुधा मागच्या चौकालगत, परसदार आणि विहीर जवळ पडेल अशा बेताने असे, आणि तेथील सारे काम जमिनीलगत चाले. मातीच्या चुलीला जोडून वैल असे, म्हणजे चुलीचीच धग आत खेचून घेणारे दुसरे तोंड, ज्यावर वरण किंवा दूध मंद आचेवर राही. पाटा-वरवंटा, विळी, जाते ही साधनेही बसूनच वापरायची होती. शेणाने सारवलेली भुई, सोवळ्याचे नियम आणि पाटावर बसून जेवण्याची रीत यांचा एकमेकांशी इतका घट्ट मेळ होता की चूल उंचावर नेण्याची गरज कोणाला भासली नाही. धुराचा आणि वाकून काम करण्याचा त्रास मात्र पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच सोसला.

वाड्यांत भाडेकरू आले तेव्हा ही रचना मोडू लागली. घराचे माप खणांत सांगितले जाई (खण म्हणजे दोन खांबांमधले किंवा दोन तुळयांमधले अंतर), आणि दोन खणांच्या जागेत संसार थाटणाऱ्या कुटुंबाला मूळ स्वयंपाकघर मिळणे शक्यच नव्हते. मुंबईत तर ही अडचण इमारतीच्या आराखड्यातच होती. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले, आणि या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे उभारलेल्या 207 बीडीडी चाळींत कुटुंबाच्या वाट्याला सुमारे 160 चौरस फुटांची एक खोली आली. चाळीतल्या अशा खोलीत भिंतीकडेची मोरी, म्हणजे भांडी घासण्याची व आंघोळीची उथळ जागा, आणि तिच्याजवळची चूल किंवा कोळशाची शेगडी एवढेच स्वयंपाकघर असे.

या कोपऱ्याचे रूप पालटले ते मुख्यतः इंधनामुळे. स्वीडनमध्ये 1892 च्या सुमारास तयार झालेला प्रायमस, म्हणजे हवा भरून रॉकेल पेटवणारा स्टोव्ह, पुढे मराठी घरांत रुळला. त्याने धूर कमी केला, पण तो जमिनीवर ठेवूनही चालत असल्याने बैठक तीच राहिली. 1950 च्या दशकाच्या मध्यास मुंबईत बर्मा-शेल कंपनीने सिलिंडरमधील गॅस घरगुती वापरासाठी आणला, आणि हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर ठेवावी, हा नियम गॅससोबतच घरात शिरला. सुधारकांच्या उपदेशापेक्षा या एका नियमाने स्वयंपाकाला अधिक वेगाने उभे केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

त्यातून कडप्प्याचा ओटा घरोघर आला. आंध्रातील कडप्पा भागातून येणाऱ्या या काळ्या दगडाच्या उभ्या लाद्यांवर आडवी लादी बसवून, खाली सिलिंडर उभे मावेल असा एक कप्पा सोडून, सुमारे अडीच फूट उंचीचा ओटा बांधला जाई. पाणी खाली ओघळू नये म्हणून पुढच्या कडेला बारीक पट्टी चिकटवत आणि ओट्याच्या टोकाला, मोरीच्या बाजूला, भांडी धुण्यासाठी सिंक बसवत. बांधकाम साधे दिसले तरी जुन्या घरात ते जोखमीचे होते. वाड्यांच्या आणि पूर्वीच्या चाळींच्या वरच्या मजल्यांची जमीन लाकडी तुळया व फळ्यांवर पेललेली असल्याने दगडाचा भार मधोमध टाकता येत नसे, म्हणून जाणता गवंडी ओटा मुख्य भिंतीला लागून घेई. मोरीतून झिरपणारे पाणी तर भिंतीत रुतलेली तुळईची टोके वर्षानुवर्षे आतून कुजवत राही आणि खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल येईपर्यंत ते कोणाच्या ध्यानात येत नसे.

हा सारा खर्च बहुतेक ठिकाणी भाडेकरूंनीच केला. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळपास गोठली, मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतले, आणि ओटा, फरशी, नळ, भिंतीवरची मांडणी या गोष्टी कुटुंबांनी जमेल तशा, बोनस किंवा भिशीच्या पैशांतून घडवल्या. वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत दर्शनी कमानी आणि कोरीव खांबांना जागा मिळाली. गृहिणी आणि गवंडी यांनी मिळून दोन पिढ्यांत घडवलेले हे स्वयंपाकघर मात्र नोंदीबाहेर राहिले, आणि ही उपेक्षा अन्यायाचीच आहे.

आज बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू असून रहिवाशांना 500 चौरस फुटांची, स्वतंत्र स्वयंपाकघर असलेली घरे मिळत आहेत, आणि ती त्यांच्या हक्काचीच आहेत. परंतु उरलेल्या खोल्या पाडण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणच्या निदान काही स्वयंपाकघरांची मोजमापे घ्यावीत, ओटा व मोरी यांचे आराखडे काढावेत आणि तेथे रांधणाऱ्या स्त्रियांकडून ते कधी व कसे बांधले हे विचारून लिहून ठेवावे. हे काम वास्तुकला महाविद्यालयांनी आताच हाती घेतले पाहिजे.