परदेशी कार्यानुभव (पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा)

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि चाकण येथील अभियंते, तंत्रज्ञ व कुशल कामगार यांनी परदेशातील कारखान्यांत काम करून मिळवलेला अनुभव. येथे तो बहुधा डेप्युटेशनमधून येतो : काही महिने मदर प्लांटमध्ये (परदेशी मूळ कंपनीच्या कारखान्यात), किंवा नवे यंत्र घेताना ते बनवणाऱ्याच्या कारखान्यात.

याचे मूळ परदेशी सहकार्य-करारांत आहे. बजाज टेम्पोने १९५८ मध्ये जर्मन तंत्रज्ञान आणले. बजाज ऑटोचा इटलीच्या पियाज्योशी असलेला करार १९७१ मध्ये संपला. त्यानंतर कंपनीने स्वतःच्या नावाची ‘चेतक’ स्कूटर बाजारात आणली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शिकलेले सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली टेल्कोने १९६६ मध्ये येथे कारखाना उभारला. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या.

ड्रॉइंग वाचणे, टॉलरन्स सांभाळणे हे भोसरीच्या वर्कशॉपमध्येही शिकता येते. परदेशात मिळते ती कामाची शिस्त. जपानी कारखान्यांत दोष दिसताच लाइन थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराला असतो आणि त्याबद्दल त्याला कोणी बोल लावत नाही. यंत्र पाठवण्यापूर्वीच्या चाचणीत सलग नग काढून प्रत्येकाचे माप घेतात. ते पटले तरच यंत्र जहाजावर चढते. ही चाचणी ज्याने शेजारी उभे राहून पाहिली, त्याला ते यंत्र चाकणला बसल्यावर बिघाडाचे मूळ लवकर सापडते.

पगारात याचा फरक लगेच दिसेलच असे नाही. काही वर्षांनी नव्या मॉडेलच्या प्रकल्पात किंवा व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये अशा माणसाची आठवण होते. कोणी स्वतःचे युनिटही काढतो. परतल्यावर त्याला भलत्याच खात्यात टाकले, तर मात्र शिकलेले वाया जाते, आणि हा दोष व्यवस्थापनाचा असतो. भाषेचाही वाटा मोठा आहे. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्स म्युलर भवन येथे जर्मन शिकलेला तंत्रज्ञ तिकडच्या फोरमनशी थेट बोलू शकतो. दुभाष्यामार्फत एवढे शिकणे होत नाही.

ही संधी प्रामुख्याने पदवीधरांना मिळत आली आहे. जपानशी २०१७ मध्ये झालेला तांत्रिक प्रशिक्षणार्थींचा करार आणि महाराष्ट्राचा जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ मधील करार यांमुळे आयटीआय झालेल्यांनाही वाट मोकळी होऊ लागली आहे. कंत्राटी कामगार अजून बाहेरच आहेत. कंपन्यांनी प्रशिक्षणाची यादी करताना त्यांची नावेही घ्यायला हवीत.